दाराचं वर्ष

ऑगस्टात सोयरू च्यारीला बोलावलं.
दार चौकटीत रुतलेलं,
खांदा दिल्याशिवाय हलेना,
आणि मला सव्वाआठची बस गाठायची रोज,
आगशीच्या पोस्टाचं कुलूप माझ्याकडे.
त्यानं दारावर पंजा ठेवला
तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.
रंधा पिशवीतून काढलाच नाही.
'आतां तासूं नाका. तें उदक पियेलां.
नाताळाक येतां.'

मी आटपाडीकडचा.
आमच्याकडे उदक प्यायला माणसांना पुरत नाही,
दाराला कुठलं?

भिंतीवर मेडिकलवाल्यानं दिलेला थर्मामीटर.
पारा चोवीस ते तेहेतीस
एवढ्याच बोळात हिंडतो बारा महिने.
पहिल्या वर्षी वाटलं, बिघडला आहे.
मग कळलं, इथं वर्ष पाऱ्यात नसतं,
ते मिठाच्या बरणीत असतं, तांदळाचे दाणे टाकले तरी रडणाऱ्या,
लग्नातल्या बुटांवर असतं, हिरवी लव धरून,
टपालखात्याच्या पाकिटांत असतं:
श्रावणात ती आपोआप मिटतात,
आत कुणी काही लिहिण्याआधीच.
तिकिटं पाठीला पोट लावून झोपतात,
वाफेवर धरून एकेक उठवावं लागतं.

चवथ झाली. माटोळीची फळं उतरली.
ऑक्टोबरच्या भर दुपारी
घरात कुणी नसताना दार कडाडलं.
घरमालकीण पिएदाद वरच्या मजल्यावरून म्हणाली,
'भियेवं नाका, सुकता तें.'

नाताळात सोयरू खरंच आला,
नवा शर्ट, तोंडाला दोदोलाचा वास, कुणीतरी खाऊ घातलेला.
माझ्याच टेबलावरचं पोस्टकार्ड उचललं,
दार आणि चौकट यांच्यामध्ये सरकवलं.
अलगद गेलं.
'आतां कितें तासूं?'
चहा प्यायला, पैसे घेतले नाहीत.

त्या फटीतून जानेवारीत पहाटेचा वारा यायचा,
जमिनीकडून, सुक्या भाताच्या पेंढ्याचा,
आणि फरशीवर उन्हाची एक काडी पडायची
जी फेब्रुवारीत खाटेपर्यंत पोचली.
दुपारी दोनला वारा पाठ फिरवायचा,
आता झुआरीच्या तोंडाकडून, खारा, ओलसर,
खिडकीच्या शिंपल्या किंचित कुरकुरायच्या.
काजू मोहरला. दंव पडेना म्हणून पिएदाद चिडली,
मग पडलं, तेव्हा जास्त पडलं म्हणून चिडली.
मार्चात अख्ख्या गावाला बोंडूंचा वास,
गोड की आंबट, मला अजून ठरवता येत नाही.

मेमध्ये काहीच होत नाही.
म्हणजे आकाशात होत नाही.
खाली सुंगटं वाळतात, सोलं वाळतात,
पुरुमेंताच्या बरण्यांना फडकी बांधली जातात,
पश्चिमेच्या भिंतीला चुडतांची झापं चढतात,
आंघोळ करून टॉवेल ठेवेपर्यंत
पुन्हा आंघोळ करावीशी वाटते.
आणि दार.
एका सकाळी पोस्टकार्ड अडलं.
वेधशाळा गप्प होती, मुंग्या गप्प होत्या,
फक्त पंधरा पैशांचं जुनं कार्ड
अर्ध्यात थांबलं.

जूनचं मी लिहीत नाही.
त्यावर लिहायला पुष्कळ लोक आहेत.

तिसऱ्या वर्षी श्रावणात रजा मिळाली.
बसनं, रेल्वेनं, पुन्हा बसनं, धुळीतून घरी.
पायरीवर पिशवी ठेवली,
उजवा खांदा पुढे केला
आणि सवयीनं, सगळ्या वजनानिशी,
आमच्या दारावर आदळलो.

ते नुसतं लोटलेलं होतं.
मी थेट माजघरात, ज्वारीच्या पोत्यावर.
आई सूप खाली ठेवून बघत राहिली.
'अरे, हळू,' म्हणाली,
'कुणी अडवलं होतं तुला?'